केबिन क्रूची भाषा : आधी आडदशावतार, मग आख्यान

विमानात पहिल्यांदाच बसलेल्या देवगडच्या बागायतदाराला ‘कृपया कुर्सी की पेटी बाँध लीजिए’ हे वाक्य ऐकून प्रश्न पडतो. पेटी तर खाली सामानात दिली, आता बांधायची कुठली? आपल्याकडे पेटी म्हणजे हापूसची, नाहीतर भजनातली. हिंदीतली पेटी कमरेला असते. शब्द तोच, अक्षरं तीच, आणि अर्थ पार दुसऱ्या गावाला. केबिन क्रू व्हायचं म्हणणाऱ्या सिंधुदुर्गातल्या प्रत्येक मुला-मुलीने वहीच्या पहिल्या पानावर हा शब्द लिहून ठेवावा. कारण त्यांच्यातले बरेचजण सुरुवातच अशी करतात : “हिंदी येते, इंग्रजी जमवून घेईन, आता फ्रेंच शिकू की जर्मन?” हिंदी येते ही समजूतच पहिली अडचण आहे.

९ ऑक्टोबर २०२१ ला परुळे-चिपीच्या सड्यावर मुंबईचं विमान उतरलं. जानेवारी २०२३ मध्ये सीमेपलीकडे गोव्यात, पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून गणवेशातली माणसं आपल्या मुलांना टीव्हीबाहेरही दिसू लागली. सावंतवाडी-बांद्याची मुलं मोपाला वेगवेगळ्या कामांना जातात, आणि दोन-तीन घरं सोडून एखाद्या घरात तरी ‘एअर होस्टेस’चा विषय निघतो. (‘हवाई सुंदरी’ हा शब्द आता टाकून द्यावा. मुलगे या कामात आहेतच, शिवाय त्या शब्दामुळे आईवडिलांना वाटतं की काम दिसण्याचं आहे. काम मुळात सुरक्षेचं आहे; चहा देणं त्याच्या जोडीला येतं.)

आधी अटींचं बोलू, म्हणजे गैरसमज मिटतील. भारतीय कंपन्यांना साधारणपणे बारावी उत्तीर्ण, १८ वर्षं पूर्ण झालेली, इंग्रजी आणि हिंदी नीट बोलणारी मुलं लागतात. परदेशी भाषेची सक्ती नसते. आली तर अर्ज वजनदार होतो. आखाती कंपन्यांचं पाहिलं तर एमिरेट्सला किमान २१ वर्षं वय लागतं, टाचा उंचावून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोचावा लागतो आणि इंग्रजी अस्खलित असावं लागतं. आणखी भाषा आल्यास चांगलंच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची ‘लेव्हल फोर’ इंग्रजीची अट असते ती वैमानिकांना आणि हवाई वाहतूक नियंत्रकांना. क्रूसाठी म्हणून ती परीक्षा कुणी विकत असेल तर ते पैसे वाचवा.

आता मुख्य गोष्ट. क्रूला भाषा कशी यायला हवी हे समजायला आपल्याकडे एक उत्तम नमुना आहे, आणि तो कुठल्याही अकादमीत नाही, जत्रेत आहे.

दशावताराचे दोन भाग असतात. आधी आडदशावतार : गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, संकासूर येतो. हे ठरलेलं. वर्षानुवर्षं त्याच क्रमाने, त्याच पद्धतीने. मग लागतं आख्यान, आणि तिथे संहिता नसते. कुठली कथा, कोण कुठलं सोंग करणार हे नटांना रंगायला बसल्यावर कळतं, आणि मग रात्रभर संवाद जागच्या जागी तयार होतात. समोरच्याने काय टाकलं ते नीट ऐकायचं आणि त्याला धरून बोलायचं. एक बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ.

विमानातली भाषा नेमकी अशी दोन तुकड्यांची आहे. उद्घोषणा, पट्टा आणि ऑक्सिजन मास्कचं प्रात्यक्षिक, दारांच्या आज्ञा, आणीबाणीच्या आरोळ्या हे सगळं ठरलेलं. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. बाकीचं सगळं आख्यान. वर्गात आपल्याला शिकवतात ते या दोन्हींपैकी काहीच नसतं. तिथे शिकवतात व्याकरण आणि ‘माझा आवडता सण’.

ठरलेला भाग

हा भाग सोपा वाटतो आणि तिथेच मुलं ढिली पडतात. प्रवासी विमानाला मान्यता मिळण्याआधी एक चाचणी असते : भरलेलं विमान, निम्मी दारं बंद, आणि ९० सेकंदांत सगळे बाहेर. त्या ९० सेकंदांत कुणी वाक्य जुळवत बसत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाची धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर होऊन त्याने पेट घेतला. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली. क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा गळा वापरला, आणि प्रवासी विमानातले सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर आले. तटरक्षक दलाच्या विमानातले पाचजण मात्र वाचले नाहीत.

चिपीला येणाऱ्या एटीआर-७२ सारख्या सत्तरएक आसनांच्या विमानात क्रू दोघेच. नियम ५० आसनांमागे किमान एक असा आहे. म्हणजे निम्म्या विमानाला ऐकू जाईल असा आवाज एकट्याचा हवा.

आणीबाणीच्या आज्ञा मात्र इंटरनेटवरून पाठ करू नका. प्रत्येक कंपनीचे शब्द थोडे वेगळे असतात आणि ते कंपनीच्याच प्रशिक्षणात घोटून घेतात; चुकीचं आधी बसलं की पुसणं कठीण. तुम्ही घरी तयार करायची ती सवय. तारकर्लीच्या किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही किनाऱ्यावर वारा तोंडावर घेऊन उभे रहा, मित्राला तीस पावलांवर उभं करा आणि चार-पाच शब्दांची इंग्रजी वाक्यं त्याला सांगा. त्याने जे ऐकलं ते लिहायचं. ओरडून बोलताना आपण शेवटचं व्यंजन गिळतो, हे पहिल्याच संध्याकाळी कळेल. ‘सीट’ आणि ‘सीट्स’, ‘कम’ आणि ‘कॅन’ यांचा तिथे खिचडा होतो.

आणि ‘व’. मराठीत एकच व आहे, इंग्रजीत दोन. ‘लाइफ वेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले नाहीत तर परदेशी माणसाला जीवरक्षक जाकिटाऐवजी पश्चिम दिशा ऐकू येते. दात लावून एक व, ओठ गोल करून दुसरा. आरशासमोर दहा दिवस केलं की होतं. ‘फ’चंही तसंच : फणसातल्या फ-ला ओठ मिटतात, ‘फर्स्ट’ला मिटू देऊ नका.

‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही २६ शब्दांची वर्णमाला एका संध्याकाळचं काम आहे, करून टाका. विमानतळांचे तीन अक्षरी कोडही. चिपीचा एसडीडब्ल्यू, मोपाचा जीओएक्स, दाबोळीचा जीओआय.

आख्यान

इथे वेळ घालवा. माझं स्पष्ट मत आहे की क्रूला अख्खी भाषा लागत नाही, दोनेकशे वाक्यं लागतात. पण ती अशी लागतात की पहाटे साडेतीनला उठवून विचारलं तरी तोंडातून यावीत. ही उपमा म्हणून सांगत नाही. पहाटेची ड्युटी असली की क्रूचा दिवस त्याच वेळी सुरू होतो. तेव्हा परीक्षाही तीच ठेवा : गजर लावा, उठा, आणि डोळे चोळत असताना मोबाइलवर दहा वाक्यं बोलून रेकॉर्ड करा. जी अडली ती तुमची झालेली नाहीत.

ही वाक्यं कुणाच्या पुस्तकातून घेऊ नका, स्वतः लिहा. एका प्रवासात काय काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा. माणूस बॅग वर ठेवतो, ती बसत नाही. कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलं आहे. मूल रडतं, कान दुखतात. शाकाहारी जेवण संपलं. एकाला आणखी दारू हवी आणि ती द्यायची नाही. विमान उशिरा निघतंय आणि कारण तुम्हालाही कळलेलं नाही. प्रत्येक प्रसंगाची चार वाक्यं, आधी तुमच्या बोलीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, मग हव्या त्या भाषेत. यातली निम्मी वाक्यं नकाराची असतील हे लिहायला बसल्यावर कळेल. होकार खुणेनेही देता येतो. नकार गोड शब्दांत द्यायचा तर भाषा लागते.

आजारपणाची वाक्यं सगळ्यात आधी. कुठे दुखतंय? कधीपासून? श्वास घेता येतोय का? कुठल्या गोळ्या घेता? साखरेचा त्रास आहे का? बरोबर कुणी आहे? ही सहा वाक्यं ज्या भाषेत येत नाहीत ती भाषा अजून यायची आहे, असं समजा.

वाक्यं झाली की पडवी रिकामी करा. आपल्या घरांची लांबट पडवी म्हणजे विमानाची आयती वाट आहे. दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडा, हातात ताट घ्या, आणि घरच्यांना सोंगं वाटून द्या : एकजण रागावलेला, एकाला काही ऐकू येत नाही, एकाला कुठलीच भाषा कळत नाही. कुणी काय बोलायचं ते ठरवायचं नाही. स्वयंपाकघरात मिक्सर लावून ठेवा. एटीआर पंख्यांचं विमान आहे, आत गप्पा मारण्याइतकी शांतता नसते. आकडे ऐकण्याचा सराव मिक्सरच्या आवाजातच करावा. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ऐकलेल्या माणसाला हे कठीण जाऊ नये.

सुरुवातीला हसू येईल. येऊ द्या. दशावतारातही पहिल्या रात्री नव्या नटाची जीभ टाळ्याला चिकटतेच.

हिंदी : येते असं वाटणारी भाषा

आपली हिंदी मुंबईच्या लोकलमधून आणि सिनेमातून आलेली आहे. ‘आप बैठो’, ‘आप क्या लोगे’, ‘मेरे को बताओ’. बाजारात चालतं, गणवेशात चालत नाही. ‘आप’ला ‘बैठिए’, ‘लेंगे’, ‘बताइए’. मालवणीत आपण आपुलकीने तू म्हणतो, म्हाताऱ्या माणसालाही. हिंदीत तो तू लखनौच्या प्रवाशाला चपराकीसारखा लागतो.

मग लिंगं. मराठीत तीन, हिंदीत दोन, आणि वाटणी वेगळी. आपला चहा पुरुष, त्यांची चाय बाई : ‘चाय ठंडी हो गई’. ‘खाली’ हा शब्द तर सापळाच आहे. ‘यह सीट खाली है’ म्हणजे जागा रिकामी आहे, खालच्या बाजूला नव्हे. शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न. असे शब्द दिसतील तसे वहीत उतरवा, पेटीच्या खाली.

हिंदीला तीन महिने द्या, लाज वाटून न घेता. देशांतर्गत विमानात सर्वाधिक वापरायची भाषा कच्ची ठेवून जर्मनची फी भरणं म्हणजे कौलं फुटलेली असताना दारापुढे फरशी घालणं.

इंग्रजी : आधी कान

इंग्रजी कच्चं असल्याची भीती बोलण्याची असते, पण मुलं अडतात ती ऐकताना. विमानात कुणी बातमीदारासारखं इंग्रजी बोलत नाही. केरळचा माणूस वेगळं बोलतो, रशियन वेगळं, स्कॉटलंडचा तर इंग्रजांनाही कळत नाही. म्हणून रोज वीस मिनिटं वेगवेगळ्या देशांच्या लोकांचं इंग्रजी ऐका, अक्षरं न वाचता. तारकर्ली-देवबागला घरगुती निवास चालवणारी, स्कुबाच्या बोटींवर काम करणारी कुटुंबं आपल्या ओळखीत असतातच. हंगामात तिथे चार दिवस फुकट मदतीला जा. पाहुण्याला काय हवं ते विचारून आणून देणं, आणि पाण्याला घाबरलेल्या माणसाला धीर देऊन बोटीत बसवणं, हे दोन्ही तुमच्या कामाचंच शिक्षण आहे.

एक खोड मात्र मोडायला हवी. ‘काय होया?’ हे मालवणीत प्रेमाचं वाक्य आहे. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं तर ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ होतं, आणि ते अंगावर येतं. इंग्रजीत विचारण्याची रीत ‘वुड यू लाइक’, ‘मे आय’, ‘कुड यू’ अशी. हे व्याकरणाचं कलम नाही, त्यांच्याकडचा पाट-पाणी देण्याचा प्रकार आहे असं समजून घोटा.

आणि मालवणी हेल? तो घालवण्यासाठी मुलं पैसे मोजतात, चेहरा आवळून बोलतात. हेल राहू द्या. शब्द स्पष्ट, वेग बेताचा, एवढं असलं की पुरे. उसना अमेरिकन उच्चार मुलाखतीत दुसऱ्या मिनिटाला गळून पडतो आणि मग घेणाऱ्याला तेवढंच लक्षात राहतं.

तिसरी भाषा कुठली?

मार्ग बघून ठरवा, हौस बघून नव्हे. गोव्याच्या फ्लाय ९१ या कंपनीने मार्च २०२४ मध्ये सेवा सुरू केली तेव्हा तिच्या पहिल्या ठिकाणांत सिंधुदुर्ग, बंगळूर, हैदराबाद आणि लक्षद्वीपचं अगत्ती ही नावं होती. तिथले प्रवासी कन्नड, तेलुगू, मल्याळम बोलणारे. बेळगाव आपल्या घाटावर आहे, कोकणी तर घरातलीच. कन्नडमध्ये ‘नीरु’, ‘ऊटा’, ‘बेकु’, ‘बेडा’ एवढ्या चार शब्दांवर पाणी-जेवण, हवं-नको निभावतं. पण शेजारची भाषा शिकायला आपल्याकडे कुणी फी भरत नाही, कारण भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये विमानतळांवरच्या उद्घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदीत आणि इंग्रजीत कराव्यात असा आदेश निघाला. त्या वेळचे नागरी विमान वाहतूक मंत्री सुरेश प्रभू म्हणजे आपल्या या पट्ट्यातून, राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेलेले. तेव्हा स्थानिक भाषेची किंमत सरकारलाही कळते असं धरायला हरकत नाही.

परदेशी भाषाच हवी असेल तर आखातासाठी अरबी, गोव्याला हिवाळ्यात येणाऱ्या पर्यटकांसाठी रशियन, युरोपच्या लांब मार्गांसाठी जर्मन किंवा फ्रेंच, पूर्वेकडे जपानी. यातली एकच घ्या. पाच भाषांतलं ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ म्हणजे भाषा नव्हे, जत्रेतला फुगा.

आता मालवणी माणसाला यात काय फुकट मिळतं ते सांगतो, कारण हे कुठल्या वर्गात सांगणार नाहीत. ‘खंय’, ‘थंय’, ‘हंय’ मधला नाकातला स्वर पुणेरी मराठीने केव्हाच टाकला. आपल्या जिभेवर तो शाबूत आहे. फ्रेंच आणि पोर्तुगीज शिकताना बाकीची मुलं नाक दाबून बसतात त्या स्वरांना आपल्याला वेगळा सराव फारसा लागत नाही. चाक, चमचा यांतला दंत्य च म्हणजे जर्मन झेड. जर्मनमध्ये दहाला ‘त्सेन’ म्हणतात, तो त्स आपला च-च आहे. जपानीतही तो आहे. देवबागसमोरच्या बेटाच्या नावात तर रोजच बोलतो, त्सुनामी. चोवीस म्हणताना आपण आधी चार आणि मग वीस म्हणतो. जर्मन आणि अरबीही तसंच म्हणतात, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तिथे उलटं वाटतं. वेळेला मात्र जपा : जर्मन ‘हाल्ब फिअर’ शब्दशः ‘अर्धे चार’, म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन.

अरबी उघडलं की सवाल, जवाब, खबर, साबण, सफर, मुसाफिर भेटतात. मुसाफिर तर तुमच्या कामाचाच शब्द. पण ‘या, घ्या’ अशा अर्थाने ‘तफद्दल’ म्हणताना समोर बाई असेल तर ‘तफद्दली’, हे विसरू नका. पोर्तुगीजने आपल्याला पगार, चावी, फीत, बादली, घमेलं दिलं. त्यांच्याकडे ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, आणि स्पॅनिशमध्येही तेच. विमानात वस्तू विकताना लगेच उपयोगी पडेल. रशियनमधलं पाणी ‘वदा’, आणि आपल्या कोकणीतलं ‘उदक’; दोन्ही एकाच जुन्या मुळाची पोरं.

या किनाऱ्याला हे नवीनही नाही. जहाजांवर कोकणातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि त्यांची एक वेगळीच कामाची बोली होती : हिंदुस्थानी, पोर्तुगीज, मराठी, इंग्रजी सगळं मिसळलेली. इंग्रज अधिकाऱ्यांना ती कळावी म्हणून थॉमस रोबक याने १८११ मध्ये कोलकात्यात तिचा कोश छापला. होडीवरचा आपला तांडेल त्या बोलीतही तांडेलच. म्हणजे एके काळी आपल्या माणसांची भाषा साहेब शिकत होता. तीही भाषा व्याकरणाने नव्हे, दोरी ओढताना आणि शीड उतरवताना लागणाऱ्या वाक्यांनी बनलेली होती.

शिकायचं कुठे? जिल्ह्यात परदेशी भाषेचे चांगले वर्ग मिळणं कठीण, हे मान्यच आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे; जर्मनसाठी पुणे-मुंबईला मॅक्सम्युलर भवन; गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आणि फ्रेंच. पण लगेच खोली घेऊन पुण्याला जाऊ नका. आधी घरी बसून पहिली पायरी, म्हणजे ए-वन, करून बघा. जर्मनसाठी डॉइचे वेले या प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा पूर्ण अभ्यासक्रम फुकट आहे, जपानीसाठी एनएचकेचे धडे फुकट आहेत. रोज तासभर नेमाने दिला तर चार-पाच महिन्यांत ए-वन होतं. तेवढा नेम टिकला तर पुढचे पैसे घाला. नाही टिकला तर पुण्यातही टिकणार नव्हता. नवीन भाषेतली वाक्यं सुरुवातीला देवनागरीत लिहायला मुळीच लाजू नका. रोमन लिपीपेक्षा तिच्यात त आणि ट, द आणि ड वेगळे राहतात.

अर्जात काय लिहायचं

काही विमानकंपन्यांत क्रूच्या गणवेशावर, येणाऱ्या भाषांच्या देशांचे छोटे ध्वज लावतात. ते दिसायला छान असतं, म्हणून अर्जात भाषांची संख्या वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका. ज्या भाषेचा ध्वज छातीवर आहे त्या भाषेतला माणूस छातीत कळ आली की तुमच्याकडेच बघणार आहे. वर सांगितलेली सहा वाक्यं येत असतील, आणि त्यांची उत्तरं कळत असतील, तरच ती भाषा लिहा. नाहीतर ‘शिकत आहे, ए-वन’ असं लिहा. मुलाखत घेणाऱ्याला ते जास्त आवडतं, आणि पुढचा प्रश्न कुठून येणार हेही तुम्हाला ठाऊक राहतं.

आणखी एक भाषा अर्जात मावत नाही, पण ती नसली तर बाकीच्या फुकट. ८ जानेवारी १९८९ ला लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या विमानाचं डावं इंजिन बिघडलं. वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं आणि कप्तानाने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता. केबिनमधल्या काही प्रवाशांनी आणि तीन क्रूंनी डाव्या बाजूला ज्वाळा पाहिल्या होत्या. कुणीही कॉकपिटला जाऊन ‘साहेब, आग डावीकडे आहे’ असं सांगितलं नाही. केगवर्थ गावाजवळ विमान कोसळलं. १२६ पैकी ४७ जण गेले. क्रू आणि वैमानिक एकाच भाषेत, इंग्रजीतच बोलत होते. शब्द नव्हते असं नाही, वरिष्ठाला उलट सांगायची सवय नव्हती. आज जगभर क्रूच्या प्रशिक्षणात हे प्रकरण शिकवतात. मालवणी माणूस फटकळ म्हणून बदनाम आहे. या एका ठिकाणी त्याने बदनामी सार्थ करावी. सरावाच्या आख्यानात एक प्रवेश याचा ठेवाच : वरिष्ठ चुकतो आहे, तुम्ही नवे आहात, आणि चार शब्दांत सांगायचं आहे.

शेवटी पैशांचं. नोकरी लागल्यावर सुरक्षेचं प्रशिक्षण कंपनी स्वतः देते. बाहेरच्या संस्थेच्या वर्षभराच्या ‘एव्हिएशन डिप्लोमा’शिवाय नोकरी मिळत नाही ही समजूत खोटी आहे, आणि ती पसरवण्यात कुणाचा तरी धंदा आहे. लाखभर फी भरण्याआधी तिथून किती मुलं कुठल्या कंपनीत लागली ते त्या मुलांना भेटून विचारा. भरतीसाठी, मुलाखतीसाठी, गणवेशासाठी कुणी आगाऊ पैसे मागितले तर तो माणूस विमानकंपनीचा नाही, हे पक्कं. त्या पैशांत एक बरा हेडफोन घ्या, दोन वह्या घ्या, आणि उरलेले मुलाखतीला मुंबईला किंवा बंगळूरला जाण्याच्या गाडीभाड्यासाठी ठेवा.

चिपीहून पहिल्यांदाच मुंबईला निघालेली एखादी आजी पट्ट्याशी झटत असेल, तर तिच्याशी हिंदी-इंग्रजी काही बोलू नका. वाकून ‘आजये, खंय अडकलो, बघूया’ म्हणा. तेवढ्यापुरती तुमच्यासारखी भाषा त्या विमानात दुसऱ्या कुणाला येत नसेल.

आज संध्याकाळी पडवीत खुर्च्या मांडा. पहिल्या रांगेत घरातल्या सगळ्यात चिडक्या माणसाला बसवा.